गावात आरोग्याची बैठक कशी घ्यायची? सीमाभागातल्या नवीन सिस्टर आणि आशाताईंसाठी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात एका उपकेंद्रावर मी १६ वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय. माझ्याकडची गावं बहुतेक मराठी, दोन गावं निम्मी कन्नड निम्मी मराठी, आणि जंगलाच्या बाजूला गवळी-धनगरांचे तीन वाडे. पहिल्या वर्षी माझ्या हातात कन्नड फ्लिपचार्ट दिला आणि सांगितलं, महिन्याला एवढ्या बैठका झाल्या पाहिजेत, फोटो पाठवा. बैठक म्हंजे काय करायचं, बायकांना काय विचारायचं, कुठं थांबायचं हे कुणी सांगितलं नाही. आता नवीन पोरी येतात, ट्रेनिंग होऊन येतात, हुशार असतात, पण पहिल्या बैठकीनंतर रडकुंडीला येऊन फोन करतात की आक्का कुणी ऐकतच नाही. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढलं. लांब झालंय, पण निवांत वाचा.

१) आधी गाव फिरा, बैठक मागनं

नवीन गावात पहिला महिनाभर भाषण नको. नुसतं घरोघर जावा, पाणी मागून प्या, कोण पोटुशी आहे, कोण बाळंतीण आहे, कुणाच्या घरात बिपी-शुगरचं माणूस आहे ते वहीत लिहा. अंगणवाडी टीचरकडं बसा, तिच्याएवढी माहिती कुणाकडंच नसते. गावात बाळंतिणीला शेक देणारी, बाळाला न्हाऊ घालणारी म्हातारी कोण आहे ते शोधून तिच्या घरी दोनदा जाऊन या. ती तुमच्या बाजूची झाली तर निम्मं काम झालं, आणि ती विरोधात गेली तर तुम्ही कितीही चार्ट दाखवा, संध्याकाळी ती एका वाक्यात सगळं पुसून टाकते.

ह्या फिरण्यात बायका आपणहून जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. "अंगात रगत न्हाई", "डोळ्याफुडं अंधारी येती", "पाय सुजल्यात". पुढं बैठकीत हेच शब्द वापरायचे.

२) पिशवीत काय पाहिजे

- बैठकीची वही (तारीख, जागा, विषय, हजेरी, विचारलेले प्रश्न)
- एक कोरं तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्या लिहायचं सरकारी कार्ड), दाखवायला
- बिपी मशीन, शुगरचं आणि हिमोग्लोबिनचं मशीन, पट्ट्या तारीख बघून घेतलेल्या
- दंड मोजायची टेप. ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्याच्या वर हिरवा
- ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, लोहाच्या लाल गोळ्या, कॅल्शियम
- एक लिटरची रिकामी बाटली, चमचा, साबणाची वडी
- टॉर्च (का ते पुढं सांगते)

बायकांना येताना तायी कार्ड घेऊन यायला सांगा. ज्यांचं पैशाचं काम अडलंय त्यांनी आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक आणायचं. पण कागदपत्रांचं काम बैठक संपल्यावरच. आधी सुरू केलं तर सगळ्याजणी कागदाभोवती गोळा होतात आणि विषय राहून जातो.

३) वेळ आणि जागा

महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य-पोषण दिवस असतो, तो ठरलेला. त्याशिवाय बैठक घ्यायची तर बायका जिथं आधीच जमतात तिथं जावा. स्त्री शक्ती संघाची (इकडचा बायकांचा बचत गट) हप्त्याची मीटिंग सगळ्यात चांगली, पंधरा-वीस जणी असतात आणि पैसे भरायचे असल्यानं उठून जात नाहीत. मातृपूर्णाचं जेवण (गरोदर आणि बाळंतिणींसाठीची कर्नाटक सरकारची योजना) अंगणवाडीत असतं तेव्हा गरोदर आणि बाळंतिणी एका जागी सापडतात, जेवल्यावर दहा मिनिटं बोलायचं.

भात लावणीत आणि सुगीत दुपारी बोलवू नका, कुणी येणार नाही आणि जी येईल तिचा रोजगार बुडेल. तेव्हा संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी एका गल्लीत, कुणाच्या तरी कट्ट्यावर, आठ-दहा जणीच घेऊन बसा. बाजारादिवशी नको, जत्रेच्या आठवड्यात तर नकोच.

वीस मिनिटांच्या वर बोलू नका. बायका तासभर बसल्या तर त्यांच्या प्रश्नांमुळं बसल्या पाहिजेत.

४) एका बैठकीला एकच विषय

माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे. नवीन सिस्टर एका दमात लोहाच्या गोळ्या, लसीकरण, डेंग्यू, शौचालय, कुटुंबनियोजन सगळं सांगते कारण फॉर्मवर सगळे रकाने असतात. घरी जाईपर्यंत बाईच्या लक्षात काहीच राहत नाही. एकच गोष्ट घ्या आणि ती इतकी बोला की घरी जाऊन तिनं सासूला सांगितली पाहिजे.

लोहाच्या गोळीचंच बघा. सरकार सांगतंय तिसरा महिना संपला की रोज एक लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. गोळ्या आपण देतोय, रजिस्टरला चढवतोय. आणि मी एका घरी गेले तर पत्र्याच्या डब्यात सहा महिन्यांच्या गोळ्या तशाच. विचारलं, "काय गं, गोळ्या खायलीस काय?" तर "खायलो की सिस्टर." मी रागावले नाही. डबा बाजूला ठेवून नुसतं विचारलं की गोळी खाल्ल्यावर काय होतंय तुला. मग बोलली: मळमळतंय, संडास काळी होते, आणि सासूनं सांगितलंय की ह्या गोळीनं बाळ काळं होतंय आणि पोटात लई मोठं होतंय, मग ऑपरेशन करायला लागतंय.

त्यानंतर मी लोहाच्या बैठकीत गोळीचे फायदे आधी सांगायचं सोडलं. आधी विचारायचं, "गोळी का नको वाटते?" आणि गप्प बसायचं. दोन मिनिटं कुणी बोलत नाही, ती दोन मिनिटं सहन करा. मग एकजण बोलते आणि मग सगळ्याजणी. त्यांचं बोलून झाल्यावर एकेक उत्तर द्या:

संडास काळी होणं म्हंजे जास्तीचं लोह बाहेर पडायलंय, त्यात घाबरायचं काही नाही. मळमळत असेल तर उपाशीपोटी नको, रात्री जेवून तासाभरानं घ्या आणि झोपा. चहाबरोबर किंवा चहाच्या तासभर आधी-मागं नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेलं पाणी, आवळा चालतो, उलट चांगलाच. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर एकदम घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर पाहिजे, म्हणून कॅल्शियम सकाळी-दुपारी जेवताना आणि लोह रात्री असं सोपं करून सांगा. बाळाचा रंग आईबापावर जातो, गोळीवर नाही. आणि बाळ मोठं होऊन अडतंय म्हणणाऱ्यांना सांगा की बाळंतपणात रक्त तर जाणारच, ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी तिला तेवढं गेलेलं झेपत नाही, जीवावर बेततंय. हे शेवटचं सासवांना लगेच पटतंय, कारण प्रत्येक गावात अशी एक गेलेली बाई त्यांना आठवत असते. ते नाव तुम्ही घेऊ नका, त्या आपसूक घेतील.

मग तिथंच दोघी-तिघींचं हिमोग्लोबिन तपासा. गरोदरपणात ११ च्या खाली म्हंजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हंजे गोळीवर थांबायचं नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. आकडा जिचा तिला एकटीलाच हळू सांगा. आणि खाण्याचं सांगताना डाळिंब, सफरचंद, खजूर नका सांगू. तिच्या परड्यातलं सांगा: शेवग्याचा पाला, लाल माठ, हुलग्याचं माडगं, नाचणीची आंबील, गूळ-शेंगदाणे. खाणाऱ्या घरात अंडी, मासे. पण एक लक्षात ठेवा, जेवण गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला.

५) भाषा

आपल्याकडचे पोस्टर, चार्ट, कार्ड बहुतेक कन्नडमध्ये येतात आणि वाडीतल्या बायकांना ते वाचता येत नाही. ह्यावर चिडून उपयोग नाही, काम करायचंय. मी चार्टच्या प्रत्येक पानाच्या मागं पेन्सिलीनं मराठीत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, चित्र बायकांकडं आणि मराठी माझ्याकडं. चित्र नसेल तर चार्टच नको, वस्तू दाखवा.

तायी कार्डाचीच गंमत बघा. कन्नडमध्ये तायी म्हंजे आई, पण आपल्या बायकांना ते "ताईचं कार्ड" म्हंजे आशाताईचं कार्ड वाटतंय, आणि त्या ते आशाकडंच ठेवायला देतात! पहिल्याच भेटीत सांगा: हे आईचं कार्ड, तुझं, तुझ्याच ट्रंकेत पाहिजे, रात्री अपरात्री दवाखान्याला जायची वेळ आली तर हातात हेच घेऊन जायचं.

थोडी कन्नड तुम्हालाही यायला पाहिजे, कारण रिपोर्ट कन्नडमध्ये आणि पीएचसीतले (प्राथमिक आरोग्य केंद्रातले) साहेब बदलत राहतात. चुच्चुमद्दु म्हंजे टोचायचं औषध, रक्तहीनते म्हंजे रक्त कमी, बाणंती म्हंजे आपली बाळंतीण, मगु म्हंजे बाळ, जंतुहुळ म्हंजे पोटातले जंत. हे शब्द बायकांनाही शिकवा, मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कानावर पडले तर घाबरणार नाहीत. मिश्र गावात दोन्ही भाषांत बोला, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचं नाही, नाहीतर निम्म्याजणी कंटाळतात. मी एक मुद्दा मराठीत सांगून कन्नड बोलणाऱ्या एखाद्या आक्काला म्हणायचे, "तुमच्यात हे कसं सांगतात, सांगा बघू." ती जे सांगायची ते माझ्यापेक्षा चांगलं असायचं.

सावध: मराठी साहित्य मिळत नाही म्हणून महाराष्ट्रातली पत्रकं आणि व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ सरळ वाटू नका. औषधाची, लसीची, दूध पाजण्याची माहिती तिकडं नि इकडं सारखीच, पण योजना, रकमा, अटी वेगळ्या. बाईला महाराष्ट्राच्या योजनेचं स्वप्न दाखवलं आणि ती इथल्या ऑफिसात जाऊन रिकामी परत आली तर तुमच्यावरचा विश्वास गेला. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, तिच्याबद्दल लोक हमखास विचारतात. शब्द देऊ नका. ज्या दवाखान्यात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा दवाखान्यातला माणूस) आधी फोन करून विचारा म्हणावं, मग गाडी करा.

६) करून दाखवा

ओआरएस बोलून शिकवता येत नाही. बाटली काढा, साबणानं हात धुवा, सगळ्यांसमोर एक लिटर पाणी मोजा, अख्खं पाकीट एकदम घाला. मग एका बाईला उठवा आणि तिच्याकडून करून घ्या. इथं तीन चुका नेहमी होतात. एक, थोडं पाकीट आज थोडं उद्या. दोन, दुकानातलं छोटं पाकीट २०० मिलीचं असतंय आणि बाया ते एक लिटरात घालतात, किंवा आपलं मोठं पाकीट एका तांब्यात. पाकिटावरचा आकडा वाचायला शिकवा. तीन, दुकानात खोक्यातनं मिळणारा गोड ज्यूस ओआरएस म्हणून देतात, त्यानं जुलाब वाढतात. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण, सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला २० मिलीग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही, हे तीनदा सांगा.

आता टॉर्च. डेंग्यूवर भाषण देत बसू नका. ज्या घराच्या कट्ट्यावर बसलाय त्याच घरच्या बॅरलमध्ये टॉर्च मारा आणि वळवळणाऱ्या अळ्या सगळ्यांना दाखवा (घरमालकिणीला आधी बाजूला घेऊन विचारा, नाहीतर तिचा अपमान होतो). अळीचा डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस बॅरल, हौद, फ्रीजच्या मागचा ट्रे रिकामा करून घासायचा. हा डास दिवसा चावतो.

साप चावल्याचं पावसाच्या आधीच सांगून ठेवा. करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, देवळात न्यायचं नाही. चावलेला हात-पाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना, विषावरची लस तिथं फुकट असते.

७) सासू, आज्जी आणि घरचे पुरुष

चिकाचं दूध पिळून टाकायचं, बाळाला मध-घुटी चाटवायची, नाळेला राख लावायची, बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, हे ठरवणारी सून नाही, तेव्हा एकट्या सुनेला शिकवून काही होत नाही. आज्ज्यांना पुढं बसवा, आक्का, मावशी म्हणून मान द्या आणि त्यांच्या चांगल्या गोष्टी आधी बोला. बाळाला ऊब देणं चांगलं, बाळंतिणीला तूप-भात, डिंक, हाळीव देणं चांगलं, चाळीस दिवस विश्रांती तर फारच चांगली. एवढं बोलल्यावर मग सांगा की मावशी, चिकाचं दूध ही बाळाची पहिली लस आहे, जन्मल्यावर तासाभरात पाजायचं आणि सहा महिने नुसतं अंगावरचंच, वरचं पाणीही नको. शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत नको, बाळाच्या छातीला त्रास होतो. मला आजवर एकाही आज्जीनं "तू कालची पोर" म्हणून उठवलं नाही, मी त्यांच्याशी बोलताना आवाज चढवला नाही म्हणून असेल.

पुरुषांसाठी वेगळी वेळ, भजनाला जमतात तेव्हा किंवा दूध घालायला येतात तेव्हा डेअरीसमोर. त्यांना तीनच गोष्टी: तिशीनंतर बिपी-शुगर तपासा, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, घरात बाळंतपण जवळ आलं असेल तर गाडी आणि पैसे आत्ताच ठरवून ठेवा. १०८ ला फोन केल्यावर पहिलं वाक्य "कर्नाटक, बेळगाव जिल्हा", मग तालुका, मग गाव, असं पाठ करून घ्या. १०८ दोन्ही राज्यांत आहे, घाईत नुसतं गावाचं नाव सांगून घोटाळा नको.

८) माहेरचं बाळंतपण

हे आपल्या भागाचं खास दुखणं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर महाराष्ट्रात, चंदगडला नाहीतर गडहिंग्लजला. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी जाते, आपल्या रजिस्टरला नाव तसंच राहतंय, तिकडच्या सिस्टरला माहीत नसतंय, आणि मधले दोन-तीन महिने तिला कुणीच तपासत नाही. तिकडची मुलगी इकडं आली तरी तेच.

ओटीभरणाची तारीख विचारून घ्या, जायच्या आधीच्या आठवड्यात घरी जावा आणि एवढं करा. तायी कार्डावर सगळ्या तपासण्या, रक्तगट, टीडीच्या (धनुर्वाताच्या लसीच्या) तारखा भरल्यात का बघा, आरसीएच नंबर (तिच्या सरकारी नोंदणीचा नंबर) ठळक लिहा. कार्ड तिच्याबरोबर गेलं पाहिजे आणि त्याचा फोटो तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये राहिला पाहिजे. आधार आणि पासबुकाच्या दोन-दोन झेरॉक्स. दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्या. माहेरच्या गावच्या आशाचा नंबर मागून घ्या आणि स्वतः फोन करा, मी तर तिकडच्या सिस्टरांशी इतकी बोललेय की काहीजणी मैत्रिणी झाल्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात, हे देशभर आहे, तिकडंही जायला सांगा.

बाळ झाल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि जन्माचा दाखला तिथूनच घेऊन यायचा. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, इथल्या पंचायतीत नाही. बरीच घरं इथंच चुकतात आणि शाळेच्या वेळी पळापळ होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे (पहिल्या बाळाला ५०००, दुसरी मुलगी झाली तर ६०००) कुठल्या अंगणवाडीतनं भरायचे ते आधीच एका ठिकाणी ठरवा, दोन्हीकडं अर्ज केला की अडकतो.

९) टोचायचा दिवस

टोचून झाल्यावर प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या: कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो, परत कधी यायचं, कार्ड जपून आणायचं. कितीही गर्दी असो. आणि अर्धा तास बसवून ठेवायचं. ताप येईल हे आधी सांगितलं तर आई पुढच्या वेळी येते. नाही सांगितलं तर "सिस्टरनं टोचलं नि पोरगं रात्रभर रडलं" हे गावभर होतंय आणि पुढचे तीन महिने पोरं येत नाहीत.

लसीला नाही म्हणणाऱ्या घरात मी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोची गोष्ट सांगते. सगळ्यांना ते सभेचं मैदान म्हणून माहीत, पण नाव तसं का पडलं? तिथं देवीची लस तयार व्हायची. देवीचे व्रण असलेली माणसं म्हाताऱ्यांनी बघितलेली असतात. आता तशी तोंडं का दिसत नाहीत, एवढंच विचारायचं आणि उत्तर त्यांना देऊ द्यायचं.

१०) बैठकीत काय बोलायचं नाही

टीबी, एचआयव्ही, गर्भपात, कुणाला मूल होत नाही, कुणाचा नवरा दारू पितो. विषय बोला, माणूस नको. "आपल्याच गल्लीत एकजण आहे" असंसुद्धा म्हणू नका, गल्लीत सगळ्यांना कळतंय. टीबीच्या माणसाला निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये (आधी ५०० होते) मिळतात, ते त्याच्या घरी जाऊन सांगा, तेही युनिफॉर्मवर गाडी दारात लावून नको.

फोटो काढायच्या आधी विचारा. अपलोड करायचाय हे सांगा. एखादी पदर तोंडावर घेत असेल तर तिला फ्रेममध्ये घेऊ नका, रिपोर्ट तिच्याशिवायही जातो.

पाळीबद्दल मुलींशी बोलताना आया नकोत आणि शाळेतले सर तर खोलीबाहेरच पाहिजेत. चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकायला डबा ठेवा, नाव न घालता. मला त्या डब्यातनं जे प्रश्न आले त्यातनं मी स्वतः खूप शिकले.

११) आठव्या दिवशी

बैठकीतली हजेरी रिपोर्टला लागते, पण तुमच्या कामाची खरी वही दुसरी ठेवा. त्यात फक्त दोन रकाने: कुणी काय विचारलं, आणि कुणाच्या घरी परत जायचंय. बाळंतिणीकडं आशाच्या भेटी ठरलेल्या असतात, दवाखान्यात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, तेव्हाच हे जोडून घेता येतं.

बैठकीनंतर आठव्या दिवशी घरी जाताना "गोळी खाल्लीस का" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर "खायलो की" असंच येणार. म्हणा, "पाकीट आण बघू, मला तारीख बघायचीय." पाकीट हातात घ्या, रिकामी घरं मोजा. सात रिकामी असली तर सासूसमोर तिचं कौतुक करा. दोनच असली तर बसा, पाणी मागा, आणि मळमळतंय का ते विचारा.